कधी पोचणार, हे विचारायचं नसतं

आमच्याकडे गाडीत बसल्यावर दोन गोष्टी करायच्या नसतात. एक, दार जोरात ओढायचं नाही, कारण ते निघून हातात येतं. दुसरी, कधी पोचणार हे विचारायचं नाही. पहिलीवर उपाय आहे, गाडी चालवणारा दांझानदादा सीटखाली तार ठेवतो. दुसरीवर काही नाही. विचारलं की रस्त्याला ऐकू जातं, आणि मग रस्ता स्वतःच्या मनाचं करतो.

हे मला तीन वर्षांचा असल्यापासून माहीत आहे. तरी त्या दिवशी मी विचारलं, कारण त्या दिवशी माझं लग्न होतं.

माझं नाव तेरबिश. त्याचा अर्थ 'तो हा नव्हे'. माझ्या आधीची दोन भावंडं गेली, तेव्हा मृत्यू पुन्हा दारात आलाच तर आपण चुकीच्या घरी आलो असं त्याला वाटावं, म्हणून आईनं हे नाव ठेवलं. मृत्यू फसला. फक्त माझ्या नवरीच्या, खोंगोरझुलच्या वडिलांना, लोदोईकाकांना, पहिल्यांदा भेटलो आणि नाव सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ माझ्या मागे बघत राहिले.

लामानं पोथी बघून सांगितलं होतं की आमच्या नव्या गेरवर तोनो घोड्याच्या प्रहरात चढलं पाहिजे. लोकरीच्या नमद्याच्या आमच्या गोल घराच्या माथ्यावर जे लाकडी चाक असतं, ते तोनो. त्यातून धूर बाहेर जातो आणि आभाळ आत येतं. बाकीचं घर दुपारी लावा, संध्याकाळी लावा, लामाची हरकत नव्हती. घोड्याचा प्रहर अकरा चाळीसला सुरू होतो आणि एक चाळीसला संपतो. तो चुकला तर पुढचा चांगला दिवस थेट पुढच्या वसंतात.

"पुढच्या वसंतात मी कोरियात असेन," खोंगोरझुल फोनवर म्हणाली. "मावशीनं अळंब्यांच्या शेडमध्ये काम बघून ठेवलंय. तू येतोस का मी अळंब्यांकडे जाऊ, ते तू ठरव."

तिच्याकडे फोनला रेंज फक्त एका टेकडीच्या माथ्यावर येते. एवढी टेकडी चढून ती एवढंच बोलली आणि उतरली. म्हणजे चेष्टा नव्हती.

भिंतींच्या जाळ्या, वासे, नमदे, सगळं तिच्याकडे तयार होतं. तोनो तेवढं माझ्या मामांनी प्रांताच्या गावात बनवलं, नारिंगी रंगवलं आणि वर हिरव्या वेली काढल्या. ते पाठीवर घेऊन मी सकाळी सहाला बाजारामागच्या पटांगणात उभा राहिलो.

पुर्गोन भरल्याशिवाय सुटत नाही. पुर्गोन म्हणजे करड्या रंगाची रशियन डबागाडी, माणसं बसतात दहा. तेरा झाल्यावर दांझानदादा म्हणाला, "अर्धी झाली." मग पाग्माआजी आली, मांडीवर चहाचा थर्मास आणि शिलाई मशीन घेऊन. शेवटी साडेआठला सुमिया पैलवान आला. तो बसला आणि गाडी अचानक भरली. तोनो टपावर बांधलं. आजीनं खाली उतरून चारही चाकांवर चमचाचमचा दूध शिंपडलं, परत चढली, आणि आम्ही निघालो.

गाव संपलं की डांबर संपतं. पुढे रस्ता नसतो, रस्ते असतात. कुणीतरी एकदा गेलेलं असतं, त्याच्या चाकांची वाट खराब झाली की पुढचा तिच्या बाजूनं जातो, त्याच्या बाजूनं तिसरा. माळावर अशा वीस-पंचवीस वाटा वेणीसारख्या पडलेल्या असतात. दांझानदादा त्यातली एक निवडतो. का तीच, हे विचारलेलं त्याला आवडत नाही. डॅशबोर्डावरचं घड्याळ नेहमी नऊ वीस दाखवतं, तेही त्याला आवडतं.

पहिल्या खिंडीत ओवो लागला. दगडांचा ढीग, वर निळं रेशीम फडफडतंय. सगळे उतरलो, उजवा हात आत ठेवून त्याच्याभोवती तीन फेऱ्या घातल्या. निघताना सुमिया पैलवान म्हणाला, "दोनच झाल्या."

"तीन झाल्या," मी म्हणालो.

"मी दोन दगड टाकले. फेरीला एक."

"तू दुसऱ्या फेरीत शिंकत होतास," आजी म्हणाली. "तेव्हा राहिला तुझा दगड."

"मग शिंकेची फेरी धरायची का?"

यावर बरीच चर्चा झाली. मत असं पडलं की कमी झाल्या असतील तर वाईट, जास्त झाल्या तर डोंगर काही म्हणत नाही. पुन्हा तीन घातल्या. घोड्याचा प्रहर माझ्या खिशातल्या फोनमध्ये जवळ येत होता आणि मी एका ढिगाभोवती फिरत होतो, नवऱ्या मुलासारखाच, फक्त नवरीशिवाय.

खिंडीच्या पलीकडे माळ सुरू झाला. त्या माळाचं मला नीट सांगता येणार नाही. गाडी हलत असते, पाठीचे मणके एकमेकांना भेटत असतात, पण बाहेर काहीच पुढे सरकत नाही. उजव्या हाताला एक निळा डोंगर होता. तासाभरानं बघितलं, तिथेच. समोर पाण्याचं तळं दिसायचं, त्यात उंट उलटे उभे असायचे. आपण जवळ गेलो की तळं उठून थोडं पुढे जाऊन बसायचं. उन्हात सुकलेल्या शेवगवताचा कडू वास खिडकीतून आत यायचा आणि एकेकाची मान पडायची. आधी पैलवान झोपला, मग त्याच्या दोन्ही बाजूंचे, मग मागची रांग. सगळ्यांच्या माना एकाच खड्ड्यावर एकाच दिशेनं झुकायच्या. मलाही डुलकी लागली. स्वप्नात मी गाडीत बसलो होतो आणि कधी पोचणार हे विचारत नव्हतो.

जागा झालो तेव्हा दांझानदादा सांगत होता, "आणि मग त्या मेकॅनिकनं काय केलं..." आणि थांबला. मी पुढे वाकून पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते. हात चाकावर, पाय पॅडलवर, ओठांत विझलेली सिगारेट.

"आजी," मी कुजबुजलो, "दादा झोपलाय."

"झोपू दे. रात्रभर जॅक लावून गाडीखाली होता."

"गाडी कोण चालवतंय?"

आजीनं समोर पाहिलं. क्षितिजापर्यंत काही नव्हतं. "धडकायला काय आहे?" ती म्हणाली आणि मला वाळवलेल्या दह्याचा खडा दिला. "चावत बस. दात गुंतले की माणूस कमी बोलतो."

पुर्गोन आपल्या आपण चालली होती. मधेच एक वाट सोडून शेजारच्या वाटेवर गेली, तिलाच ती बरी वाटली असावी. एक टिटवीसारखा पक्षी काही वेळ खिडकीशेजारून उडत आला, आत बघितलं आणि गेला. फोनमध्ये बारा दहा झाले होते. मग दांझानदादानं डोळे न उघडता ओठ हलवले, "...काय केलं, तर स्प्रिंगच्या जागी घोड्याचा लगाम बांधला." मग डोळे उघडून त्यानं सिगारेट पेटवली.

मी सरळ विचारणार नव्हतो. मला शिस्त आहे.

"दादा, मागच्या खेपेला या वेळी तुम्ही काय करत होता?"

"गाडी चालवत होतो."

"कुठं?"

"अशीच, माळावर."

"आजी, तुम्हाला साधारण भूक कधी लागेल?"

"पोचल्यावर."

"पैलवान, तुम्ही उतरणार तिथं आता सावल्या किती लांब पडत असतील?"

पैलवानानं एक डोळा उघडला. "हा विचारतोय," तो म्हणाला.

"नाही विचारत."

"कडेकडेनं विचारतोय. मी कुस्ती खेळतो, मला कळतं कोण कुठून पाय घालतंय ते."

साडेबारा झाले. बारा चाळीस. निळा डोंगर होता तिथेच होता. मला डोळ्यांसमोर अळंब्या दिसायला लागल्या, अंधाऱ्या शेडमध्ये रांगेनं, पांढऱ्या, गुळगुळीत, आणि त्यांच्यामधून टोपली घेऊन चाललेली खोंगोरझुल. ती एकेकीशी बोलत होती. माझ्याशी बोलायची तशीच.

"दादा," मी म्हणालो, "कधी पोचणार आपण?"

इंजिन बंद पडलं.

खोकलं नाही, धूर नाही, काही नाही. पुर्गोन आणखी थोडी घरंगळली आणि थांबली. चौदा माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मागच्या रांगेत एक बाळ होतं, त्यानंही पाहिलं.

"विचारलं यानं," पैलवान म्हणाला.

दांझानदादा खाली उतरला. त्यानं फडकं अंथरलं आणि इंजिनाचे भाग एकेक करून काढून त्यावर मांडायला लागला, कुणी पाहुण्यांना वाढतं तसे. आजीनं थर्मास माझ्या हातात दिला.

"यात चहा आहे, आजी."

"दूध आहेच की त्यात. गाडीभोवती तीन फेऱ्या घाल, शिंपड, आणि डोंगराला सांग की तुला विचारलं नव्हतं."

मी फेऱ्या घातल्या. चहा खारट होता, चाकांना चालला. निळ्या डोंगराकडे तोंड करून मी म्हणालो, "तुम्हाला विचारलं नव्हतं." पैलवान शेजारी उभा राहून बोटांवर फेऱ्या मोजत होता, म्हणजे या वेळी वाद नको.

एक वाजला. इंजिन अजून फडक्यावर होतं. मला तिथं कुणाच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी टपावर चढलो आणि तोनोच्या मधल्या गोलात जाऊन बसलो. चहूबाजूंनी नारिंगी आरे, वर आभाळ, घर कुठेच नाही. उन्हानं लाकूड तापलं होतं आणि नव्या रंगाचा वास येत होता. वाटलं, हेच माझं घर. छत आहे, बाकी पुढच्या वसंतात बघू.

तेवढ्यात क्षितिजावरच्या तळ्यातून एक घर वर आलं.

आधी धुराडं आलं, मग त्याखाली कपाट, पलंग, चूल, गुंडाळलेले नमदे, आणि नमद्यांच्या सगळ्यात वर एक मुलगी, निळा झगा घालून, कुत्र्याला मिठी मारून बसलेली. काही वेळ हे सगळं उलटं होतं. मी हललो नाही. त्या माळावर जे दिसतं ते आपण हललो की पुढे जाऊन बसतं.

हे पुढे गेलं नाही. जवळ आलं आणि त्याच्याखाली एक ट्रक निघाला. मग कुत्रं भुंकलं.

ट्रक थांबला. खिडकीतून लोदोईकाकांनी डोकं बाहेर काढलं. त्यांनी आधी इंजिनाकडे पाहिलं, मग टपावर, तोनोच्या मधोमध बसलेल्या माझ्याकडे.

"तू इथं काय करतोयस?"

"तुमच्याकडे येतोय, काका."

"आम्ही तिथं नाही आता. परवा विहीर आटली. मेंढ्या मुलांबरोबर काल निघाल्या, आम्ही आज."

"आज लग्न आहे ना?"

"मेंढ्यांना कुठं मुहूर्त कळतो? लग्न नव्या जागी करू म्हटलं. तुझ्यासाठी खूण ठेवलीय. घर होतं तिथं काठी रोवून निळं कापड बांधलंय, वाऱ्यानं ज्या दिशेला उडेल तिकडं आम्ही."

"आणि वारा बदलला तर?"

काकांनी यावर विचार केला. तो आधी केलेला दिसत नव्हता.

"लांबून काहीतरी नारिंगी दिसलं," खोंगोरझुल वरून म्हणाली. "बाबा म्हणाले सूर्य आहे. मी म्हटलं सूर्य वर आहे, बाबा. तो कुणीतरी बावळट टपावर बसलाय."

"एक वाजून आठ मिनिटं झालीत," मी म्हणालो.

तिनं डोळ्यांवर हात धरून चारही बाजूंना पाहिलं. सगळीकडे सारखंच होतं. "बाबा, नव्या जागेला इथून अजून किती..."

"गप्प," चौदा माणसं आणि लोदोईकाका एकदम म्हणाले.

तिनं कुत्र्याला खाली ढकललं. मग नमद्याची पहिली गुंडाळी जमिनीवर टाकली.

सपाट जागा शोधायला लागलो. आजूबाजूला सगळे शेवगवताचे ठोंब. सपाट म्हणाल तर वाटाच तेवढ्या, वर्षानुवर्षं चाकांनी दाबलेल्या. आजीनं पाय आपटून पाहिला आणि म्हणाली, "इथं." अशा रीतीनं माझं घर प्रांताच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध आलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही. रस्ते तिथं भरपूर होते.

एरवी गेर लावायला चार माणसांना तासभर लागतो. आम्ही जवळजवळ वीस होतो आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं चुकतंय असं वाटत होतं, त्यामुळे कामाला वेग आला. दार दक्षिणेला धरलं, जाळ्या गोल उभ्या केल्या, दोऱ्या आवळल्या. पैलवान गोलाच्या मध्यभागी गेला, तोनो डोक्यावर घेतलं आणि हात वर करून उभा राहिला. मी आणि खोंगोरझुलनं एकेक खांब त्याखाली लावला.

"दोन खांबांच्या मधून कुणी जाऊ नका, अशुभ असतं," आजी दारातून ओरडली.

"मी मधेच उभा आहे," पैलवान म्हणाला. "बाहेर कसा येऊ?"

"नंतर बघू."

पहिला वासा बसला. फोनमध्ये एक सदतीस झाले होते. खोंगोरझुलनं माझ्या खांद्यावरून वाकून ते पाहिलं. "अळंब्यांना कळवायला हवं," ती म्हणाली. तिच्या कपाळावर नारिंगी रंग लागला होता. मामांनी तो नीट वाळू दिला नव्हता.

बाहेर पुर्गोन सुरू झाली. दांझानदादा हात पुसत दारात आला. दोन भाग उरलेत, पण गाडीला ते नको असावेत, असं म्हणाला. पण निघायचं नाव कुणी काढलं नाही. चूल मांडली, पाग्माआजीनं पहिला विस्तव घातला, वर तोनोतून धूर गेला आणि आभाळाचा गोल तुकडा आत येऊन पलंगावर बसला. सुमिया पैलवानानं त्यात पाय पसरून, लग्नासाठी ट्रकमध्ये ठेवलेला एक अख्खा मेंढा जवळपास एकट्यानं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पुर्गोनमधले सगळे गेले. मेंढ्यांकडे जायला आम्हाला आणखी दोन दिवस होते. वाटा आमच्या दाराशी येऊन थांबल्या होत्या, पण सकाळपर्यंत एका गाडीनं घराला वळसा घातला, दुपारी दुसरीनं तिच्याच चाकोरीतून घातला, आणि संध्याकाळी बघतो तर रस्ता आमच्याभोवती गोल गेला होता, सगळे उजवा हात आत ठेवून.

तिसऱ्या सकाळी एक छोटी जपानी गाडी दारासमोर येऊन थांबली. आतून हाक आली, "कुत्रं धरा." मी कुत्रं धरलं. एक तरुण उतरला. नवा झगा, नवे बूट, टपावर घट्ट बांधलेली रंगवलेली पेटी, हातात फोन. त्यानं फोनमध्ये बघितलं, क्षितिजाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

खोंगोरझुल आतून धावत आली आणि तिनं चहाचा वाडगा त्याच्या तोंडाला लावला.