आठवड्यातून एकच फोन

नेब्रास्कातलं ते गाव आता निम्मंही उरलेलं नाही. शाळा शेजारच्या गावात गेली, धान्याची कोठारं तेवढी उभी आहेत. तिथून जाताना ऑरिन टेसडाल सरांना हटकून एक उन्हाळा आठवतो. शाळेच्या शेवटच्या वर्षात पाऊल टाकण्याआधीचा, ट्वायला सेडलाचेकचा उन्हाळा.

सर इंग्रजी शिकवत. मुलांना कॉलेजात धाडायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं होतं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. कोणत्या कोचनं खेळाडूला कधी भेटावं, काय बोलावं, काय देऊ नये, याचं जाडजूड पुस्तक गावात फक्त त्यांनी वाचलेलं. वाचलेलं आपल्याला नीट कळलंय याची मात्र त्यांना कधीच खात्री नसे.

ट्वायला सहा फूट उंच. व्हॉलीबॉलच्या जाळ्यापाशी ती उडाली की समोरच्या मुली आधीच डोळे मिटायच्या. एरवी तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. मागच्या हंगामात विद्यापीठाच्या कोच जनीन कोल्टरमन तिला बघायला तीनदा आल्या. वरच्या बाकावर बसल्या, वहीत काही लिहिलं, जाताना हवा छान आहे एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. तिसऱ्या खेपेला ट्वायलाच्या आईनं, आर्लीननं, कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, आणले होते. त्यांच्या चेक वस्तीत दुरून आलेल्याला न खिलवता पाठवणं म्हणजे भांडण काढणंच. बाईंनी हसून नकाराची मान हलवली आणि गाडीत बसल्या.

आर्लीनला ते फार लागलं. त्यात नदीपलीकडच्या एका छोट्या कॉलेजचा कोच घरी आला. त्यांचे नियम सैल होते. तो स्वयंपाकघरात ऐसपैस बसला, चार कोलाचे खाल्ले, कुत्र्याला कुरवाळलं आणि टेबलावर करारपत्र ठेवून गेला. शुक्रवारपर्यंत सही हवी होती.

ट्वायलाला विद्यापीठातच खेळायचं होतं. हे तिनं फक्त सरांना सांगितलं, तेही उसनं नेलेलं पुस्तक परत देताना, पुस्तकाकडे बघत. म्हणून रविवारी सर मोठा धीर करून त्यांच्या शेतावर गेले. कोचनं खेळाडूशी बोलायची मुदत उद्यापासून सुरू होते, त्याआधी बाईंना नमस्कारापलीकडे बोलायची मुभाच नव्हती, हे त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून समजावलं. जिला घ्यायचं नसतं तिच्याबाबत कुणी इतकं जपून वागत नाही, असंही चाचरत म्हणाले.

"म्हणजे जीव आहे म्हणून अबोला?" ट्वायलाचा बाप व्हर्नन म्हणाला. "मग आर्लीनचा माझ्यावर फारच जीव असणार. आम्हाला एवढी वर्षं कळलंच नाही."

सोमवारी सकाळी आठला फोन वाजला. ट्वायला गुरांकडे होती. फोन आर्लीननं घेतला आणि हंगामभराचा राग ओकायला सुरुवात केली. बाईंनी कोलाच्यांबद्दल माफी मागितली, तशी ती विरघळली. मग खसखस कशी वाटायची इथपासून आजीच्या गुडघ्यांपर्यंत सगळं झालं. चाळीस मिनिटांनी बाईंना दुसरीकडे जायची वेळ झाली. ट्वायलाला संघात जागा देणार की नाही, हा विषय निघालाच नव्हता.

दुपारी आर्लीन स्वतःच सरांना आणायला आली. चेहरा उतरलेला. कोचनं एका घरी आठवड्यातून एकदाच फोन करायचा, हे तिला व्हर्ननकडून, म्हणजे रविवारी सरांनीच दाखवलेल्या पुस्तकातून कळलं होतं. पुढचा फोन सोमवारी, आणि सही शुक्रवारी.

"माझ्या जिभेनं घात केला, टेसडाल सर," ती म्हणाली.

घरी पोचल्यावर व्हर्ननचं म्हणणं पडलं, छोट्या कॉलेजातली हातातली जागा सोडू नये. ट्वायला खिडकीशी, सगळ्यांकडे पाठ करून उभी होती. सरांनी पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं, तीच ओळ तीनदा वाचली.

"बंधन बाईंवर आहे," ते म्हणाले. "ट्वायलावर नाही. तिनं आपल्या खर्चानं फोन केला, तर त्या बोलू शकतात. म्हणजे... मला तरी असंच वाटतं."

"वाटतं की आहे?" व्हर्नननं विचारलं.

सरांनी घाम पुसला. "आहे."

ट्वायला वळली. "मी काय बोलू?"

"मला सांगितलंस तेच."

तिनं भिंतीवरचा फोन उचलला आणि तशीच थांबली. आई एक सूचना करत होती, बाप दुसरी. सरांनी जन्मात कुणाला त्याच्याच घरातून बाहेर काढलं नव्हतं. त्या दिवशी काढलं. दोघांना ओसरीवर बसवलं आणि स्वतः जाळीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

आतून आधी नुसती तबकडी फिरल्याचा आवाज आला. आपण चुकलो असू तर या पोरीचं काय, असं सरांच्या मनात आलं. समोर मका वाऱ्यानं सळसळत होता.

मग ट्वायलाचा आवाज आला. "मी बोलतेय. ट्वायला. मला तुमच्याकडे खेळायचंय. तुम्हाला मी हवी आहे का?"

पलीकडचं उत्तर ओसरीवर कुणाला ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण त्यानंतर ती बोलतच राहिली. जाळ्यापाशी पाय कसा टाकते ते सांगितलं, काय जमत नाही तेही सांगितलं, एकदा मोठ्यानं हसली.

"एवढं बोलता येतं होय हिला?" आर्लीन पुटपुटली.

व्हर्नननं तिला गप्प राहायची खूण केली आणि मक्याकडे बघत बसला. थोड्या वेळानं ट्वायला दारात आली. त्या शुक्रवारवाल्याला नाही म्हणून कळवायला हवं, असं म्हणाली, आणि ते मी स्वतःच कळवू का, असं तिनं बापाला विचारलं.

पुढे ती विद्यापीठात चार वर्षं खेळली. सर दोनदा बघायला गेले, वरच्या बाकावर बसले. पण खेळ त्यांना फारसा आठवत नाही. आठवतो तो जाळीच्या दारामागून आलेला, कुणीही न पढवलेला तिचा आवाज.