खंडेनवमीचा डेक

आमच्या घरात दोन इंजिनिअर आहेत. एक माझा नवरा तेजस आणि दुसरी मी, दीपाली. पण दुसरीची आठवण सहसा चहाच्या वेळेला होते. दोघंही आयटीत. तो कोड लिहितो आणि मी असल्या कोडमधल्या चुका काढते. पत्रिका बघणाऱ्या गुरुजींना हे कुणी सांगितलं नव्हतं, नाहीतर छत्तीस गुण जुळलेच नसते. तर असा आमचा बिबवेवाडीतला संसार, आणि सोबत सासूबाई, यमुनाबाई.

तेजसला पत्त्यांचा नाद आहे. रमी किंवा तीनपत्तीचा नव्हे. त्यात माणसाला निदान लाज तरी वाटते. हे पत्ते परदेशातून येतात. त्यांच्यावर राक्षस, योद्धे, उडते साप अशी मंडळी छापलेली असतात, आणि प्रत्येकानं त्यातले आपल्या पसंतीचे पत्ते निवडून स्वतःची गड्डी बांधायची असते. तिला डेक म्हणायचं. गड्डी म्हटलं की तेजसचा चेहरा पडतो. दर शनिवारी त्याचे मित्र आमच्याकडे जमून युद्ध करतात, आणि युद्धाला कांदेपोहे लागतात. पोहे देता देता मीही खेळ शिकले. कुणी शिकवला नाही, आणि मी शिकले हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सदाशिव पेठेत श्यामसुंदरकाकांचं या पत्त्यांचं दुकान आहे. तिथं दसऱ्याच्या रविवारी स्पर्धा होती, आणि पुढं महिन्याभरानं बंगळूरला मोठी स्पर्धा. बंगळूरला तिघांचा संघ जायचा होता. कॅप्टन अर्थातच तेजस, दुसरा त्याच्या ऑफिसातला समाधान, आणि तिसरी जागा रिकामी. ती आयुष नावाच्या कॉलेजातल्या मुलाला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. एका शनिवारी मी म्हटलं, मला घ्या. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जणू फ्रिज बोलला. मग समाधान म्हणाला की वहिनी, आज पोहे एकदम फर्स्ट क्लास झालेत.

माझं डोकंच फिरलं. मी सगळ्यांसमोर तेजसला सांगितलं की दसऱ्याला मी माझ्या डेकनं तुला हरवलं, तर तिसरी जागा माझी. त्यानं मोठ्या मनानं हो म्हटलं. मोठं मन करायला त्याचं जात काय होतं? त्याच्या डेकमध्ये चौभुजा होती. इंग्रजीत तिचं नाव लांबलचक आहे, पण चार हात, चार शस्त्रं आणि पायाखाली राक्षस म्हटल्यावर आम्ही तिला दुसरं काय म्हणणार? ती एकदा मैदानात उतरली की समोरच्यानं पत्ते गोळा करून घरी जायचं, अशी पद्धत होती.

माझा डेक मी तेजसनं टाकून दिलेल्या पत्त्यांतून बांधला. शेतकरी, कुंभार, पाणक्या, आणि काठी टेकत चाललेली एक म्हातारी. लढाईच्या दृष्टीनं सगळे कुचकामी. पण या खेळात एक नियम आहे: प्रत्येक खेपेला आपल्या गड्डीतला एक पत्ता उचलावाच लागतो, आणि उचलायला पत्ता उरला नाही की माणूस हरतो. म्हणजे आपण मारायचं नाही, नुसतं मरायचं नाही. समोरचा थयथयाट करून दमेपर्यंत आणि त्याचे पत्ते संपेपर्यंत टिकून राहायचं. सासरी इतकी वर्षं काढलेल्या बाईला याचा वेगळा क्लास लावावा लागत नाही. तेजसनं तो डेक चाळला, हसला आणि म्हणाला की क्यूट आहे.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. घरातली हत्यारं-अवजारं पुजायची आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, असा आमच्याकडं रिवाज. सकाळी उठून बघते तर सासूबाईंनी पाट मांडलेला. पाटावर तेजसचा लॅपटॉप, तेजसच्या गाडीची किल्ली आणि तेजसच्या डेकचा डबा. माझ्यातर्फे विळी आणि लाटणं. मी विचारलं, आई, माझा लॅपटॉप? त्या म्हणाल्या, "तुझा कंपनीचा ना गं?" तेजसचा जणू त्याच्या आजोबांनी ठेवलेला. माझा डेकही तिथंच कपाटावर होता, पण तो म्हणे खेळ, आणि तेजसचा म्हणजे काम. पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणून तेजसनं दिवसभर लॅपटॉप उघडला नाही. लाटणं मात्र संध्याकाळी पाटावरून उचलून माझ्या हातात देण्यात आलं. मला वाईट वाटलं. विळीचं आणि लाटण्याचं नाही वाटलं. माझा डेक समोर असून त्यांना दिसला नाही, याचं वाटलं.

दसऱ्याला सकाळी आम्ही बिबवेवाडीची सीमा ओलांडून सदाशिव पेठेत गेलो. दुकानाच्या दारावर पाटी होती: पत्ते आधी विकत घ्यावेत, मग हाताळावेत. काकांनी चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिल्याच फेरीत माझ्यासमोर तेजस आला. समाधाननं शिट्टी वाजवली. काका आमच्या टेबलापाशी डेक तपासायला आले. तेजसनं ऐटीत डबा उघडला, गड्डी पालथी ठेवली, आणि त्याचा रंगच उडाला.

प्रत्येक पत्त्याच्या पाठीवर कुंकू होतं.

हे पत्ते एकेक करून प्लास्टिकच्या कव्हरात ठेवतात. कुंकू त्या कव्हरवर असतं तर पुसून तरी टाकलं असतं. पण कव्हरची कसली पूजा करायची? सासूबाईंनी एकेक पत्ता कव्हरातून काढून, त्याला ओलं कुंकू लावून, पुन्हा नीट आत घातला होता. पुढच्या बाजूला चित्र खराब होईल म्हणून पाठीवर. एकाला लावायचं आणि दुसऱ्याला नाही हे त्यांना बरं दिसलं नसणार. कुणाला मधोमध, कुणाला कोपऱ्यात. आणि एका पत्त्याला कुंकवाचं चांगलं रुपयाएवढं बोट, वर हळद, हळदीला चिकटलेल्या अक्षता. काकांनी तो उलटला. चौभुजा निघाली. देवीसारखी दिसली, तेव्हा तिचा मान मोठा.

पाठीवरून ओळखू येणारा पत्ता चालत नाही, असा नियम आहे. तेजस म्हणाला, "काका, अहो, हे कुंकू आहे."

"दिसतंय मला. मी काही पुण्याबाहेरून आलेलो नाही," काका म्हणाले. "पाठ झाकणारी काळी कव्हरं घाला, नाहीतर उठा."

तेजसकडं होती ती सगळी कव्हरं पारदर्शक. दुकानातली काळी संपली होती. कधी येतील असं विचारल्यावर काका म्हणाले, आल्यावर. मग ते फळ्याकडं वळले, माझ्या नावापुढं विजय लिहायला. तेजस घाईघाईनं माझ्याकडं झुकून म्हणाला, "हे पैजेत धरायचं नाही हं. मी खेळलोच नाही."

माझ्या पर्समध्ये काळ्या कव्हरांचं एक कोरं पाकीट होतं. मी टेस्टर आहे. एक वस्तू लागणार असेल तर दोन घेते. गप्प बसले असते तर फळ्यावर मी जिंकले होते. पण मग जन्मभर प्रत्येक शनिवारी, प्रत्येक पोह्यांच्या बशीबरोबर, वहिनी कुंकवावर जिंकल्या हे ऐकत बसावं लागलं असतं. इतकी सोशिक मी नाही. मी पाकीट त्याच्यापुढं आपटलं आणि म्हटलं, "घाल. आणि नीट खेळ."

मेला खरंच नीट खेळला. कुंभार पडला, पाणक्या पडला, आणि मग चौभुजा उतरली. सवयीनं तेजस खुर्चीत मागं रेलला. मी म्हातारी टाकली. त्या पत्त्याचं काम एवढंच, की मेलेल्यांना ती गावात परत आणते, आणि दमली की स्वतः माझ्या गड्डीत जाऊन झोपते, म्हणजे गड्डी संपत नाही आणि ती पुन्हा कधीतरी वर येते. चौभुजेनं गाव उजाड केलं, म्हातारीनं भरवलं. पुन्हा केलं, पुन्हा भरवलं. समाधान येऊन उभा राहिला, आयुष येऊन उभा राहिला. मला ती जागा इतकी हवी होती की तेजसकडं बघवत नव्हतं. मग त्याची खेप आली, त्यानं हात पुढं केला आणि तो तसाच टेबलावर राहिला. गड्डी संपली होती.

"पत्ते संपले. हरलात. टेबल मोकळं करा," काका म्हणाले.

पुढच्याच फेरीत आयुषनं मला धुऊन काढलं, ते असो. परतताना लक्ष्मी रोडच्या सिग्नलला तेजस पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "आयुषला मी सांगतो. तिकीट तुझं काढू." आणि थोड्या वेळानं, तो डेक क्यूट नव्हता, असंही म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

घरी सासूबाईंनी विचारलं कोण जिंकलं, आणि तेजसनं चपला काढता काढता सांगून टाकलं की हिनं मला हरवलं. मी कपडे बदलून, मग ओटा आवरून बाहेर आले तर पाट पुन्हा मांडलेला. पाटावर एकटा माझा डेक, कव्हरांच्या बाहेर, आणि सासूबाई चष्मा लावून शेवटच्या पत्त्याला कुंकू लावत होत्या. माझा डेक, बंगळूरला जायचा डेक. मी धावत पाटाशी गेले.

सगळ्यांवर ओलं कुंकू. एकावर मात्र रुपयाएवढं बोट, वर हळद, वर अक्षता. मी तो उलटला. म्हातारी होती.

"हिचा मान मोठा," त्या म्हणाल्या. "घर हीच चालवत असणार. आता उद्यापर्यंत हात लावू नकोस."

मी म्हटलं, बरं. काळी कव्हरं होतीच. डोळे पुसले आणि कणीक मळायला घेतली, तेव्हा लाटणं जागेवर नव्हतं. ते तेजसच्या हातात होतं आणि तो ते कसं धरायचं ते मला विचारत होता.