जावेचं कौतुक

गाद्यांच्या कारखान्याचे मालक कसल्याशा शिबिराला गेले आणि परत आले ते हसतच. एरवी त्यांचा चेहरा असा, की गिऱ्हाईक गादीवर बसून बघायलासुद्धा बिचकायचं. त्यामुळे ते हसले तेव्हा सगळ्यांना वाटलं, कारखाना विकला.

"विकलेला नाही," मालक म्हणाले. "आपण सगळ्यांनी आनंदी व्हायचंय. शिबिरात समजावून सांगितलं. एकमेकांमधलं चांगलं शोधायचं आणि तोंडावर सांगायचं. रोज चहाच्या आधी प्रत्येकानं आपल्या जोडीदाराबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. सांगितल्याशिवाय चहा नाही."

थोरलीची जोडीदारीण म्हणजे तिची धाकटी जाऊ. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून दोघी दाभणाने गादीची कड शिवायच्या. घरही एकच, मध्ये फक्त एक भिंत. पण गेल्या वर्षी त्यांचं वाजलं होतं. ते पाण्याच्या पिंपावरून वाजलं की पिंपाच्या झाकणावरून, यावरसुद्धा दोघींचं एकमत नव्हतं. तेव्हापासून घरी अबोला आणि टेबलावर दोनच शब्द, "उचल" आणि "ठेव".

पहिल्या दिवशी थोरली उभी राहिली, बराच वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "हिची नखं कापलेली असतात."

मालकांनी टाळ्या वाजवल्या. मग धाकटी उठली. "वहिनींचा आवाज खणखणीत आहे. मध्ये भिंत असूनही शब्द न् शब्द कळतो."

मालकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. बाकीचे चहाच्या किटलीकडे पाहत राहिले.

असं काही दिवस चाललं. धाकटीची झोप गाढ आहे, कोणी दार बडवलं तरी मोडत नाही. वहिनींची स्मरणशक्ती दांडगी आहे, कोण कधी काय बोललं ते विसरत नाहीत. कौतुक करता करता दोघी एकमेकींची सालं काढत होत्या आणि मालकांना वाटत होतं, काय गोडवा आहे.

पण थोरलीचा साठा संपत आला. नवीन काही सापडावं म्हणून ती काम करता करता जावेकडे बघायला लागली. तिचं एक दुखणं जुनंच होतं. धाकटी नेहमी खिडकीकडची बाजू पकडायची. वारा हिला आणि घाम मला, हे थोरलीच्या मनात वर्षभर सलत होतं. त्या दिवशी ती आधीच खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"वहिनी, तिकडे मी थांबते," धाकटी म्हणाली.

"का? खिडकी तुझ्या नावावर आहे?"

धाकटी पलीकडे गेली. एका बाजूची शिवण झाली, गादी पालटायची वेळ आली. थोरलीने आपल्याकडची कड धरून उचलली. गादी अर्धी उभी राहिली, खांद्यातून अशी कळ गेली की हात तिथेच लुळा पडला, आणि सबंध डबलबेडची गादी थोरलीला घेऊन मागच्या भिंतीला टेकली. बाहेर फक्त तिच्या चपला दिसत होत्या.

धाकटी धावत आली आणि गादी बाजूला ओढली.

"खांदा का?"

"काही झालेलं नाही."

"जिन्यात पडलात तेव्हापासून तुमचा हात वर जात नाही. पालटताना खिडकीकडच्यालाच उचलावं लागतं. पलीकडच्यानं नुसती झेलायची."

"मग सांगायचं नाही का?"

"बोलत कुठे होतो आपण?" धाकटी म्हणाली.

चहाच्या वेळी थोरली उभी राहिली. "आज हिच्याबद्दल मी काही बोलणार नाही," एवढंच ती म्हणाली.

"मग चहा नाही," मालकांनी नियम सांगितला.

"नको मला चहा."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आता या दोघी दाभणंच उपसणार अशी कुजबुज झाली. त्यात कापड कापणारे काका, जोडीदाराने कौतुकात त्यांना 'प्रामाणिक' म्हटल्यावरून बिघडले. मी चोर आहे असं आधी कोण म्हणत होतं, ते त्यांना आत्ताच्या आत्ता कळायला हवं होतं. शेवटी मालकांनी कपाळाला हात लावला, सगळ्यांना मुकाट्यानं चहा प्यायला सांगितलं आणि कार्यक्रम त्याच दिवशी बंद केला.

सुटी झाल्यावर थोरली फाटकाशी रेंगाळली. धाकटी आली तशी तिच्या जोडीने चालायला लागली.

"चारचौघांत बोलले असते तर रडू आलं असतं," ती रस्त्याकडे बघत म्हणाली.

"मग आता बोला. इथे कोण आहे?"

"इथेही येईल."

धाकटी हसली. मग तिने विषय बदलला आणि आपल्या नवऱ्याच्या घोरण्यावर आली. थोरली म्हणाली, तुझा परवडला, माझा तर झोपेत हिशेब विचारतो. एकीने एक सांगावं, दुसरीने त्यावर कडी करावी, असं करत दोघी घराच्या वळणावरून तशाच पुढे गेल्या आणि लक्षात आल्यावर हसत हसत मागे फिरल्या.

दोघे भाऊ दारात वाट बघत उभे होते. बायका हातात हात घालून, खिदळत येताना दिसल्या तसा थोरल्या भावाचा चेहरा उतरला.

"काय रे," त्याने धाकट्याला हळूच विचारलं, "आपण काय केलं?"