पिवळ्या पेनाची खूण

अकरा महिन्यांनी पिवळी कामावर परतली, तेव्हा मामाने तिला ट्यूबांच्या टेबलावर बसवलं. ट्यूब फुगवायची, पाण्यात बुडवायची, बुडबुडा दिसला की ठिगळ लावायचं. शर्यतीच्या सायकली जोडणाऱ्या बाईला हे काम देणं म्हणजे हलवायाला भांडी घासायला बसवण्यासारखं होतं. पण मामाचा नाइलाज होता. गिऱ्हाइकं विचारायची, "माझ्या सायकलला ती तर हात लावणार नाही ना?"

कारण ती पडली, ते तिच्याच चुकीने. सगळ्यांना तेच माहीत होतं.

मामाच्या वर्कशॉपची एक पद्धत होती. बोल्ट रेंचने टक् असा आवाज येईपर्यंत आवळायचा आणि मग त्यावरून बाजूच्या धातूवर जाईल अशी रंगीत पेनाने रेघ ओढायची. रेघ म्हणजे सही. बोल्ट जरा जरी हलला की रेघ मोडते आणि लांबूनही कळतं. प्रत्येकाचा रंग ठरलेला होता. तिचा पिवळा, म्हणून तिचं नाव पिवळी पडलं. भावोजींचा लाल. भावोजी म्हणजे मामाचे जावई, तिच्या मामेबहिणीचा नवरा, आणि वर्कशॉपचे मुख्य मेकॅनिक.

त्या सकाळी निघण्याआधी तिने खाली वाकून सायकल पाहिली होती. स्टेमवर, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या तुकड्यावर, दोन बोल्ट होते. दोन्ही रेघा पिवळ्या, दोन्ही सरळ. ती डोंगरावर चढली आणि सुसाट उतरायला लागली. दुसऱ्या वळणावर हँडल वळलं, पण चाक वळलं नाही. पुढे दगडी कठडा होता.

मांडीत लोखंडी सळई आली, जबडा तारांनी बांधला गेला, डावा खांदा उजव्याच्या मानाने बोटभर खाली राहिला. भावोजी दवाखान्यात फळं घेऊन आले आणि बाहेरच्या बाकावर बसून हळहळले, "रेघ मारली आणि रेंच लावायला विसरली बिचारी. होतं असं." हे 'बिचारी' त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी पिवळीलाही ते पटलं. अकरा महिने ती स्वतःलाच शिव्या घालत होती. आई भात कालवून, पातळ करून भरवायची, आणि तिच्या मनात एकच घोळत असायचं, मी कशी विसरले?

परतल्यावर तिसऱ्या दिवशी ती मागच्या खोलीत जुने टायर शोधायला गेली, तर भिंतीवर तिची सायकल टांगलेली. ताईने, म्हणजे त्या मामेबहिणीने, ती भंगारात जाऊ दिली नव्हती. चाकाचा पार चक्काचूर झाला होता, पण स्टेम शाबूत होता. रेघाही होत्या. पिवळी जवळ गेली आणि बघतच राहिली.

रंगाचं पेन जिथे पहिल्यांदा टेकतं तिथे एक थेंब साचतो. पिवळी पेन बोल्टवर टेकवायची आणि रेघ बाहेर ओढायची, म्हणून तिचा थेंब कायम बोल्टवर असायचा. या दोन्ही रेघांचा थेंब बाहेर होता आणि शेपूट बोल्टवर. तिने बाहेर येऊन भावोजींनी जोडलेल्या चार सायकली पाहिल्या. लाल रेघा. थेंब बाहेर, शेपूट बोल्टवर.

ताई जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा पिवळीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ताई, मी पडले त्याच्या आदल्या संध्याकाळी माझ्या सायकलला कोणी हात लावला होता का गं?"

"हेच लावत होते की. कुणा गिऱ्हाइकाला लांब स्टेम हवा होता, तो तुझ्या सायकलवर घालून बघत होते. मीच वर्कशॉपात फोन करकरून घाई केली, दोनदा तर बाबांनीच उचलला, पाहुणे यायचे होते घरी. का गं?"

"काही नाही," पिवळी म्हणाली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ताईचा तो भोळा चेहरा बघून तिने तोंड मिटलं. तिला सांगितलं असतं तर तिने तो फोन जन्मभर स्वतःच्या उरावर घेतला असता. आणि मामाला सांगून तरी काय? थेंबावरून कोण कुणाला फासावर देतं?

म्हणजे त्या माणसाने स्टेम काढला, परत बसवला, जुन्या रेघा पुसल्या, रेंच न लावता तिचं पेन उचललं, तिच्या नावाने सही केली आणि पाहुण्यांच्या पंगतीला जाऊन बसला. आणि वर फळं घेऊन आला. ती फळं तारा बांधलेल्या तोंडाने खाताही येत नव्हती. त्या दिवसापासून पिवळी ट्यूब पाण्यात बुडवताना जरा जास्तच जोराने दाबू लागली.

संधी मामानेच दिली. वर्कशॉपने स्वतःची नवी फ्रेम बनवली होती आणि रविवारी डोंगरावर पंधरा गिऱ्हाइकांसमोर ती उतारावर चालवून दाखवायची होती. चालवणार भावोजी. शुक्रवारी मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "ही सायकल पिवळी जोडेल."

"मामा, चेष्टा करताय का?" भावोजी हसले. "तिच्या हातची सायकल कोण चालवणार?"

"तुम्हीच चालवा, जावईबापू. तुम्ही खाली सुखरूप पोचलात की लोकांची भीती जाईल. सोमवारपासून तिला तिची जागा परत देतो. आणि तुम्हीच नाही म्हणालात, तर मग तिने ट्यूबाच लावाव्यात."

भावोजींना नाही म्हणता येईना. म्हाताऱ्याने पोरीची जागा बरोबर त्यांच्या हातात ठेवली होती.

शनिवारी दुपारी पिवळीने सायकल जोडली. स्टेमच्या बोल्टला रेंच लावला, अर्धा फेरा दिला आणि थांबली. इथेच सोडला तर? एवढंच तर करायचं होतं. काही न करणंच करायचं होतं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. तिला थांबवलं ते चांगुलपणाने नव्हे, खोटं कशाला बोला. एक तर ताई होती. आणि दुसरं म्हणजे पडायला दोन सेकंद लागतात. तिला त्याच्याकडून जास्त वेळ हवा होता.

तिने रेंच फिरवला. टक्. दुसरा. टक्. मग पिवळं पेन उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा रेघ बाहेरून आत ओढली.

रविवारी सकाळी सगळे माथ्यावर जमले. गिऱ्हाइकं घाम पुसत होती, त्यांच्यातले दाताचे डॉक्टर नव्या फ्रेमचे फोटो काढत होते. पिवळीने गाडीतून सायकल उतरवली आणि भावोजींच्या हातात दिली.

"खुणा बघून घ्या, भावोजी."

"बघितल्या," ते न बघताच म्हणाले.

"नीट बघा." ती पुढे झुकली आणि त्यांनाच ऐकू जाईल असं बोलली. "थेंब बाहेर आणि शेपूट बोल्टवर. तुम्ही माझ्या सायकलवर काढल्या होत्यात, हुबेहूब तशाच मी काढल्यात. पेनही तेच आहे."

भावोजींनी खाली पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती, आणि तारा काढल्यापासून तिचं हसू जरा तिरकंच पडायचं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी एक पाय पेडलवर ठेवला, समोरचा उतार पाहिला, पहिलं वळण, त्याच्या खाली दुसरं, आणि तो दगडी कठडा. पाय परत जमिनीवर आला.

"निघा की," दाताचे डॉक्टर कॅमेरा सरसावून म्हणाले.

भावोजी हलेनात. हेल्मेटच्या पट्ट्यातून घाम ओघळत होता. पिवळी ते सगळं डोळे भरून बघत होती. आपली जागा आत्ता, या क्षणी जातेय हे तिला कळत होतं, तरीही तिला त्याचा घाम हवा होता.

"काय झालं, जावईबापू?" मामा पुढे आला.

"मी नाही बसणार या सायकलवर," भावोजी ओरडले. "हिने मुद्दाम सैल ठेवलेत बोल्ट! जीव घ्यायला बसलीय माझा! बदला घेतेय ही, मामा, बदला!"

मामाने आधी भाचीकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"कशाचा बदला?"

भावोजी हेल्मेटचा पट्टा सोडायला लागले.

"नाही, मला कळेना म्हणून विचारतो," मामा सावकाश म्हणाला. "पडली ती तिच्या चुकीने. तुम्हीच सांगितलंत. मग ती तुमच्यावर बदला कशाचा घेईल?"

डॉक्टरांनी कॅमेरा खाली केला. मामाने पेटीतून रेंच काढला, गुडघ्यावर बसला आणि बोल्ट तपासले. टक्. टक्. दोन्ही जागच्या जागी घट्ट होते. तो तिथेच बसून राहिला आणि बोटाने त्या रेघा चाचपत राहिला. रंग भाचीचा, ओढ जावयाची; म्हातारा झाला होता तरी तो मेकॅनिक होता. उठला तेव्हा त्याने जावयाला "जावईबापू" म्हटलं नाही.

"चालत या खाली," तो म्हणाला. "गाडीत तुमच्यासाठी जागा नाही. आणि घरी पोचलात की माझ्या मुलीला तुम्ही स्वतः सांगायचं. फोनाबिनाचं नाव न काढता."

पिवळीने गाडीतून आपले जुने बूट काढले. मामाने विचारलं, "जमेल?" ती म्हणाली, "बघू." सळई घातलेला पाय पेडलवर टाकताना कळ थेट कमरेपर्यंत गेली. तरी ती निघाली. पहिल्या वळणावर तिने ब्रेक इतके दाबले की बोटं पांढरी पडली. दुसऱ्या वळणावर कठडा समोर आला.

तिने हँडल वळवलं. चाक वळलं.

खाली पोचल्यावर ती एका झाडाच्या सावलीत बसली. वर रस्त्यावर भावोजी चालत येत होते. सायकलच्या बुटांना तळाशी लोखंडी खिट्टी असते, डांबरावर त्यांनी धड चालता येत नाही, माणूस बदकासारखा फेंगडा चालतो. त्यांचा खटखट आवाज इथवर येत होता. त्यांना उतरायला पाऊण तास लागला. पिवळीने त्यातलं एकही मिनिट वाया घालवलं नाही, सगळं बघितलं.

जवळ आल्यावर ते थांबले, हात जोडले. "चुकलं माझं. माफ कर."

"नाही," पिवळी म्हणाली, आणि सायकलवर बसून परत वर चढायला लागली.