आधीचीच पेटी बरी होती

भिंगरी तेरा वर्षांची असताना तिला आयुष्यातलं पहिलं काम मिळालं: मोठ्या माणसांसमोर बसून रिकाम्या पेटीवर व्हिडिओ गेम खेळायचा. काम बिनपगारी होतं, पण त्यासाठी शाळेला दांडी मारता यायची आणि तीही आईच्या सहीनिशी, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

तिची आई गेमचं यंत्र बनवणाऱ्या कंपनीत होती. यंत्राचं पोट आईकडे. म्हणजे बोर्ड, चिप, पंखा, तारा, आणि हे सगळं एका डब्यात कोंबूनही तापून वितळणार नाही याची काळजी. वरचं कवच मात्र कधीच तयार झालं होतं: काळंभोर, चकचकीत, जाड शब्दकोशाएवढं. कवच आधी आणि पोट मागून, यात त्या कंपनीत कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. आई म्हणायची, बूट शिवून झालेत, आता त्या मापाचा पाय शोधतेय मी.

तर पोट तयार व्हायला एकूण तीन वर्षं लागणार होती, त्यातलं एक तोवर सरलं होतं, आणि मोठ्या साहेबांना दर तीन महिन्यांनी प्रगती बघायची असायची. मग तिथे एक पद्धतच पडून गेली. टेबलावर रिकामं कवच ठेवायचं, आत पुठ्ठा आणि एक निळा दिवा. कवचातून निघालेली तार टेबलाच्या पोकळ पायातून, गालिच्याखालून थेट पलीकडच्या कोठीच्या खोलीत. तिथे कपाटाएवढा कॉम्प्युटर घरघरत असे आणि खरा गेम त्याच्यावर चाले. शेजारी स्टुलावर कोठीकाका. कंपनीच्या कागदावर ते वरिष्ठ तंत्रज्ञ होते, पण गेम अडकला की गुपचूप बटण दाबायचं आणि शिंक आली की नाक दाबायचं, एवढंच त्यांचं काम उरलं होतं.

सूत्रसंचालन विभागप्रमुखांचं. आई घरी त्यांना शोभिवंत म्हणायची, त्यामुळे भिंगरीला त्यांचं खरं नाव कधी आठवायचंच नाही. शोभिवंत दर वेळी बोलता बोलता पेटी दोन बोटांनी अलगद उचलायचे, मोठ्या साहेबांच्या नाकासमोर फिरवायचे आणि सांगायचे, बघा, पिसासारखं हलकं, आणि आवाज म्हणाल तर शून्य. मोठे साहेब खूश. पुठ्ठ्याचा आवाज कशाला येतोय.

आणि एके दिवशी आईचं पोट तयार झालं. खरोखर. सगळं त्या कवचात मावलं, चाललं, तापलं पण वितळलं नाही. आईनं घरी येऊन चपलासुद्धा न काढता भिंगरीला मिठी मारली. आता एकच पायरी उरली होती. मंगळवारी मोठे साहेब शेवटचं बघणार. त्यांनी मान हलवली तर यंत्र कारखान्यात जाणार, नाही हलवली तर तीन वर्षं भंगारात.

शोभिवंतांचा सल्ला होता की या वेळीही जुनीच पेटी ठेवू, उगाच विषाची परीक्षा नको. आई म्हणाली, मग मी तीन वर्षं काय केलं? शेवटी खरं यंत्र टेबलावर आलं. कोठीकाका मात्र सवयीनं कोठीत जाऊन बसले. त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं.

भिंगरीनं कंट्रोलर हातात घेतला आणि बटण दाबलं. आतला पंखा जागा झाला. मिक्सर तीन खोल्या पलीकडे चालावा, तसा आवाज. पेटीच्या मागून गरम वारा निघाला आणि मोठ्या साहेबांसमोरचे कागद फडफडायला लागले. पण भिंतीवरच्या पडद्यावर गेम असा पळत होता, असा पळत होता, की भिंगरीला ओरडावंसं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती जे दाबत होती ते समोरच्या पेटीत घडत होतं.

शोभिवंत बोलत होते. बोलता बोलता, सवयीनं, त्यांनी दोन बोटं पेटीखाली घातली. पेटी तीन किलोंची. ती जागची हलली नाही. शोभिवंत मात्र हलले, आणि 'पिसासारखं' हे त्यांचं वाक्य 'पिसा'वरच अडकलं.

मोठ्या साहेबांनी कागदांवर पाण्याचा पेला ठेवला. बिघडलंय का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर तळवा लावून पेटीची ऊब बघितली, आजारी पोराची बघतात तशी. मग म्हणाले, "आधीचं बरं होतं."

आईनं खाली बघितलं. शोभिवंतांनी छताकडे बघितलं. मोठे साहेब भिंगरीकडे वळले. "तू तर दोन्हींवर खेळलीस. तूच सांग, कुठलं चांगलं?"

आता भिंगरी पंधरा वर्षांची होती, नुकतीच शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, आणि आपण खरं बोललो की जग सुधारतं अशी तिची पक्की समजूत होती. ती उभी राहिली.

"हेच. कारण आधीची पेटी रिकामी होती. आत पुठ्ठा होता. गेम पलीकडच्या कोठीतून चालायचा."

मोठे साहेब उठले आणि त्यांनी कोठीचं दार उघडलं. आत कपाटाएवढा कॉम्प्युटर चालू होता आणि कोठीकाका शिंक आवरत बसले होते. धक्क्यानं ती सुटली. दोन वर्षांची साठलेली असावी, अशी सुटली.

साहेब परत येऊन बसले. भिंगरीला वाटलं, आता शोभिवंतांची खैर नाही. साहेब शोभिवंतांकडे वळले आणि म्हणाले, "पुठ्ठा दाखवून मला दोन वर्षं खूश ठेवलंत. तुम्ही इथे काय करताय? तुम्ही जाहिरात विभागात पाहिजे होतात."

मग आईकडे वळून ते फार प्रेमानं बोलले. काम प्रामाणिक आहे म्हणाले. पण मला रिकामी पेटी आवडली आणि भरलेली नाही, गिऱ्हाईकही माझ्यासारखंच असणार, तेव्हा हे इथेच थांबवू.

महिन्याच्या आत शोभिवंतांना मोठी केबिन मिळाली आणि आईला पत्र मिळालं: यंत्र रद्द, तयार नमुना नष्ट करावा. नष्ट करायला दोन माणसं रजिस्टर घेऊन आली. रजिस्टरात एकच नमुना नोंदलेला होता, पहिल्या वर्षीचा. त्यांनी ते रिकामं कवच नेलं, दाबयंत्राखाली चिरडलं, फोटो काढला, सही घेतली. आत पुठ्ठा कसा, हे कुणी विचारलं नाही. खऱ्या यंत्राची नोंदच नव्हती, म्हणून आईनं ते स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणलं.

महिनाभर एक प्रश्न भिंगरीच्या जिभेवर होता. शेवटी एका रविवारी दुपारी तिनं विचारून टाकलं.

"आई, मी बोलले म्हणून गेलं का गं ते?"

"तू बोलायच्या आधीच गेलं होतं," आई म्हणाली. जेवणाच्या टेबलावर यंत्र चालू होतं. "आता तेवढंच खरं एक सांग. आवाज फार येतो का?"

भिंगरीनं या वेळी घाई केली नाही. खऱ्याचं काय होतं ते तिनं बघितलं होतं. पण आई वाट बघत होती, आणि तिचा चेहरा मोठ्या साहेबांसारखा नव्हता.

"येतो," ती म्हणाली. "खेळताना कळत नाही. थांबलं की कळतो."

आई रागावली नाही. उलट बरं वाटल्यासारखी हसली आणि म्हणाली, पंखा जाळीला फार खेटलाय. कवच बोटभर उंच करा म्हणून सात वेळा लिहून दिलं होतं, सातही वेळा शोभा जाईल असं उत्तर आलं. मग तिनं पेचकस घेतला, कवच काढून खुर्चीवर ठेवलं आणि कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. डब्यातली उरलेली बिस्किटं भिंगरीनं जागेवरच संपवली, कामाला मदत म्हणून.

"पण आता कुणासाठी करतेयस?" तिनं भरल्या तोंडानं विचारलं.

आईनं तिच्या हातात टॉर्च दिला. मग डब्याला भोकं पाडली, यंत्राचं पोट त्यात बसवलं, पंखा बोटभर मागे बसवला, झाकण लावलं आणि बटण दाबलं. दोघी कान देऊन ऐकत राहिल्या. भिंगरीला काहीच ऐकू आलं नाही, आणि तिनं तसं सांगितलंही.

आईनं डब्याला कान लावला. मग पुन्हा स्क्रू काढायला लागली.

"थोडा येतोय अजून," ती म्हणाली. "टॉर्च नीट धर."