सुलाबाईंनी ऐकलं होतं

"मॅडम, तुमचा हा पुरावरचा लेख तर फार गाजलाय," निवड समितीचे अध्यक्ष फाइल चाळत म्हणाले. "दीडशेच्या वर सायटेशन्स, तेवढ्या लेखांनी आधार घेतलाय. सांगलीत राहून एवढी मजल मारणं सोपं नाही."

शेजारच्या दोघांनी माना डोलावल्या. गुणमाला आवटी पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. सांगलीच्या कॉलेजात जनसंवाद शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षं सरली होती. निवृत्तीपूर्वी प्रोफेसर होण्याची ही शेवटची संधी.

मुलाखतीची तयारी करताना, आपल्या लेखाचा आधार कुणी कसा घेतलाय ते त्यांनी पहिल्यांदाच उघडून पाहिलं होतं. 'पूरग्रस्त गावांतल्या स्त्रिया धोक्याच्या सूचनांकडे दुर्लक्ष करतात', आणि पुढे कंसात 'आवटी'. दुसऱ्या लेखात तेच. तिसऱ्यातही. कुणा एकानं चुकीचं लिहिलं होतं आणि बाकीच्यांनी मूळ लेख न वाचता ते उतरवून घेतलं होतं.

त्यांनी लिहिलं होतं ते नेमकं उलट. कृष्णाकाठच्या एका गावात सुलाबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "स्पीकरवर पुकारलं ते पयलं मी ऐकलं. मालकांस्नी म्हनलं, आत्त्यास्नी घिऊन हलूया. तर म्हनले, बाईमानसानं घाई करू ने. पानी कुठवर येतंय ते आमास्नी ठावं हाय."

पाणी घरात शिरलं. म्हाताऱ्या सासूबाई वाचल्या नाहीत, आणि गावानं बोल लावला तो सुलाबाईंनाच. बायका ऐकतात, पण निघायचं की नाही हे त्यांच्या हाती नसतं, एवढंच सांगायला गुणमालांनी तो लेख लिहिला होता.

"मुलाखत होईस्तोवर गप्प बसा की, मॅडम," विभागातले जिनेश सर म्हणाले होते. "आकडा तुमच्या बाजूनं आहे. मूळ लेख वाचतंय कोण?" ते भल्यासाठीच सांगत होते. गुणमालांनीही गप्प राहायचं ठरवलं होतं.

पण 'गाजलाय' हा शब्द ऐकला आणि त्यांना गप्प बसवेना.

"सर, ते बहुतेक लेख माझ्या नावावर माझ्या म्हणण्याच्या उलट सांगतात. ते आकड्यात धरू नका."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "अहो, नोंद तर तुमचीच होते. स्वतःच कशाला कमी करून घेता?"

"ती बाई चुकली नव्हती, सर."

"कोण बाई?"

गुणमालांनी सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकानं घड्याळ पाहिलं.

निवड झाली नाही. कळलं त्या दिवशी जिनेश सरांनी त्यांच्यापुढे चहा आणून ठेवला आणि समोर बसून राहिले.

तोवर गुणमालांनी एकेका संशोधकाला ईमेल करायला सुरुवात केली होती. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. पाटणच्या पल्लवी नावाच्या विद्यार्थिनीचं मात्र आलं. 'मूळ लेख मी वाचला नव्हता, मॅडम. दुसऱ्याचं बघून लिहिलं. दुरुस्ती पाठवतेय.' उन्हाळ्यानंतर ती दुरुस्ती छापूनही आली. एका लेखापुरती.

त्याच आठवड्यातल्या रविवारी गुणमाला सुलाबाईंच्या गावी गेल्या. सुलाबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. गुणमालांनी झालं ते सगळं सांगितलं.

"मंजी आमच्यापायी तुमची बढती ऱ्हायली."

"तसं नाही हो."

"आसू दे. पर बाई, तुमी काय लिवलंय ते आमाला कळलंच न्हाई कवा. विंग्रजीत हाय म्हनं."

गुणमालांनी दिल्लीच्या परिषदेत तो लेख वाचला होता, हैदराबादला वाचला होता. इथं कधी वाचला नव्हता. त्यांनी मोबाइलवर तो उघडला आणि एकेक वाक्य मराठीत करत वाचू लागल्या. इशारा सुनेनं सगळ्यांच्या आधी ऐकला. तिनं घरातल्यांना निघायला सांगितलं. तिचं कुणी ऐकलं नाही.

सुलाबाईंचे हात थांबले. त्यांनी घराकडे तोंड करून हाक दिली, "आवं, जरा भाईर या. बाई काय वाचत्यात ते ऐका."

सुलाबाईंचे मालक आकाराम बाहेर आले. कुणाकडे न बघता उंबऱ्यावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पयल्यापासनं वाचा, बाई," सुलाबाई म्हणाल्या.