परतचावा

गिरणीवाल्याच्या बायकोला, इसोल्डाला, अंगावर दूध आलं नाही, म्हणून तिची तान्ही सिसिली गावातल्या गॉडलीवकडे पाजायला राहिली. बदल्यात पीठ मिळे. इंग्लंडमधल्या केंटच्या त्या ओल्या, खारट हिवाळ्यात गॉडलीवची चूल त्या पिठावरच पेटत होती. पण हिवाळा सरता सरता तिचं दूध ओसरलं. दोघांना पुरेना. मग ती आधी आपल्या तान्ह्या हामोला घ्यायची आणि उरलंसुरलं सिसिलीला द्यायची. हामोच्या मांड्यांना वळ्या पडल्या. सिसिलीची मनगटं काडीसारखी झाली.

"हिची चणच बारीक आहे हो, मालकीणबाई," ती इसोल्डाला सांगायची.

ईस्टरआधीच्या उपासांतल्या एका रविवारी पाद्री युस्टेस प्रवचनात अडखळले. त्यांचा लॅटिन शब्द कुणालाच कळेना. शेवटी ते गावबोलीत म्हणाले, "आपल्या आत एक जाणतं असतं. इनविट म्हणतात त्याला. आपण खोटं वागलो की ते चावतं. हाकलून लावलं तरी परत येतं आणि परत चावतं. हा त्याचा परतचावा."

"म्हणजे आमच्या गादीतला ढेकूण की!" शेजारची मॅबिली कुजबुजली. बायका शाल तोंडाला लावून हसल्या.

"ढेकूण चिरडता येतो, मॅबिली," पाद्रीबाबा वरूनच म्हणाले.

गॉडलीवला हसू आलं नाही. हामो मांडीवर धिंगाणा घालत होता. सिसिली जागी होती, टक लावून बघत होती, गप्प. किती गुणी पोर, असं गॉडलीव सगळ्यांना सांगत आली होती. आज तिला कळलं, कळत तर आधीपासूनच होतं, की पोरीत रडण्याचंही त्राण उरलेलं नाही.

चर्चमधून ती घरी गेलीच नाही. तडक गिरणीवर गेली.

"मालकीणबाई, हिची चण बारीक नाही. मी हिला उपाशी ठेवलं. आधी माझ्याला पाजलं. दुसरी दूधआई बघा."

इसोल्डाने पोरीला ओढून घेतलं. "अगं, दूध कमी झालं एवढं तरी सांगायचंस!"

"पीठ बंद झालं असतं."

इसोल्डाला रडू कोसळलं. मग पोर परत गॉडलीवपुढे धरून म्हणाली, "दुसरी मिळेपर्यंत पाज. इथे, माझ्यासमोर. आधी हिला."

गॉडलीवने हामोला जमिनीवर ठेवलं आणि सिसिलीला छातीशी घेतलं. हामोने आभाळ डोक्यावर घेतलं. तिने मान खाली घातली ती वर केली नाही. सिसिली ओढत होती, थकत होती, पुन्हा ओढत होती.

बऱ्याच वेळाने इसोल्डा उठली आणि तिने हामोला उचलून कडेवर घेतलं.